मराठी पुस्तकांच्या कॅटलॉगवर फॅसेट सर्च: लेखक, प्रकाशक, विषयाचे फिल्टर आणि त्यांचे बरोबर आकडे

शॉपिंगच्या कुठल्याही साइटवर डाव्या बाजूला ब्रँड, साइझ, रंग अशा याद्या असतात आणि प्रत्येक नावापुढे आकडा असतो, टिक केली की निकाल कमी होतात आणि बाकीचे आकडेही हलतात, ते म्हणजे फॅसेट सर्च. किंमत किंवा साल अशा आकड्यांच्या फील्डवर हे करायला फार वेळ लागत नाही. टेक्स्ट फील्डवर करायचं म्हटलं की काम वाढतं, आणि ते टेक्स्ट मराठी असलं तर बरंच वाढतं, आणि मराठीचा भाग कुठल्या डॉक्युमेंटेशनमध्ये एका जागी सापडत नाही म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

उदाहरण म्हणून आपण सार्वजनिक वाचनालयाचा कॅटलॉग घेऊ. पन्नासेक हजार नोंदी, डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, सर्चला इलास्टिकसर्च हे सर्च इंजिन, आणि फिल्टर हवेत लेखक, अनुवादक, प्रकाशक, प्रकाशनस्थळ, विषय यांचे. ग्रंथालयाचंच उदाहरण घ्यायला कारण आहे, ही कल्पना मुळात तिथली. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली कोलन क्लासिफिकेशन प्रसिद्ध केलं. पुस्तकाला एकाच ठरलेल्या खणात बसवायच्या ऐवजी त्याचे वेगवेगळे पैलू स्वतंत्र नोंदवायचे आणि ते जोडून वर्गांक बनवायचा, ही त्यामागची रीत. आपण डेटाबेसमध्ये आज जे करणार आहोत ते त्याच विचाराचं काम आहे, फक्त जोडणी वाचक स्वतः टिक करून करतो.

आधी मुख्य गोष्ट सांगतो. ज्या फील्डमध्ये शोधायचं त्याच फील्डवर मोजायचं नाही. लेखकाचं नाव शोधासाठी एका रूपात लागतं आणि फॅसेटसाठी दुसऱ्या, आणि दुसरं रूप इंडेक्समध्ये जायच्या आधी साफ झालेलं असावं लागतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

टेक्स्ट आणि कीवर्ड

इलास्टिकसर्चमध्ये टेक्स्ट टाइपचं फील्ड ॲनालायझरमधून जातं, म्हणजे वाक्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा इंडेक्स होतो. शोधायला हेच हवं. पण त्यावर टर्म्स ॲग्रीगेशन (कोणती व्हॅल्यू किती नोंदींत आहे याची मोजणी) लावलं तर सर्व्हर सरळ एरर देतो की टेक्स्ट फील्डवर फील्डडेटा (टेक्स्टचे तुकडे मोजण्यासाठी मेमरीत ठेवायची सोय) बंद आहे. मग नेटवर कुठेतरी सल्ला मिळतो की फील्डडेटा चालू करा, एरर जाईल. एरर जाते खरी, पण हीप मेमरी खायला सुरुवात होते आणि मोजणी तुकड्यांची होते. लेखकाच्या फॅसेटमध्ये "क. ख. जोशी" दिसायच्या ऐवजी "जोशी" वेगळा, "क" वेगळा, "ख" वेगळा, आणि विषयाच्या फॅसेटमध्ये सगळ्यात वर "आणि" आणि "व". तो स्विच चालू करूच नका.

बरोबर पद्धत म्हणजे मल्टी-फील्ड. लेखक हे फील्ड टेक्स्ट ठेवा आणि त्याच्या पोटात एक कीवर्ड सबफील्ड द्या. कीवर्ड म्हणजे पूर्ण स्ट्रिंग जशीच्या तशी, न तोडता, आणि ती डॉक व्हॅल्यूज नावाच्या कॉलमसारख्या रचनेत डिस्कवर राहते, त्यामुळे मोजणी झटपट होते. ही टेक्स्ट-कीवर्ड विभागणी आवृत्ती ५ पासून आहे, त्याआधी एकच स्ट्रिंग टाइप होता, त्यामुळे जुने लेख वाचताना गोंधळायला होतं.

मॅपिंग (कोणतं फील्ड कोणत्या टाइपचं याची व्याख्या) आपोआप बनू दिलं तर इलास्टिकसर्च स्वतःच टेक्स्टखाली कीवर्ड जोडतो, पण २५६ अक्षरांपेक्षा लांब व्हॅल्यू त्या कीवर्डमध्ये जातच नाही, आणि एररही येत नाही. लेखकाच्या नावाला चालून जाईल, पण सहा-सात संपादकांची नावं एका ओळीत टाइप केलेली असली तर ते पुस्तक फॅसेटमधून गायब आणि कोणाला कळणारही नाही. म्हणून मॅपिंग हाताने लिहा, डायनॅमिक मोड स्ट्रिक्ट करा. उलट बाजूने लुसीनमध्ये (इलास्टिकसर्चच्या आतलं मूळ इंजिन) एका टर्मला ३२,७६६ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एक कोडपॉइंट (युनिकोडमध्ये एका चिन्हाला दिलेला क्रमांक) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे साधारण १०,९०० कोडपॉइंट. परिचय किंवा सारांशासारख्या फील्डला कीवर्ड देऊ नका, त्याचा फॅसेट कोणाला लागत नाही.

साफसफाई, जिथे निम्म्याहून जास्त वेळ जातो

कॅटलॉगची डेटा एंट्री वर्षानुवर्षं वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कीबोर्डवर केलेली असते. एकच लेखक "क. ख. जोशी", "क.ख. जोशी", "क ख जोशी", "जोशी, क. ख." आणि "जोशी क.ख." असा पाच प्रकारे सापडतो, आणि कीवर्ड फील्डच्या दृष्टीने ते पाच वेगळे लेखक. वाचकाला पाच ओळी दिसतात, प्रत्येकीत थोडी थोडी पुस्तकं, आणि एकावर टिक केली की बाकी चार ओळींतली पुस्तकं त्याच्या हातून निसटतात. फॅसेट नसता तर बरं झालं असतं अशी अवस्था, कारण फॅसेट बघून वाचक समजतो की यादी पूर्ण आहे.

पहिली पायरी युनिकोडची, कारण इथला फरक डोळ्यांना दिसत नाही. "ॲ" हे अक्षर एकाच कोडपॉइंटने लिहिता येतं, किंवा "अ" आणि त्यावर चंद्राची मात्रा असं दोन कोडपॉइंटने. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण एनएफसी नॉर्मलायझेशन (समतुल्य रूपं एक करायची युनिकोडची प्रमाण पद्धत) केलं तरी ते एक होत नाहीत कारण युनिकोडने त्यांना समतुल्य मानलेलंच नाही. "ॲड." लावलेली वकील लेखक मंडळी या एका कारणाने दोन-दोनदा दिसतात. तसंच "ऱ्या" मधला अर्धा र. तो नुक्तावाल्या ऱ ने लिहिला जातो, किंवा साध्या र ला हलंत आणि मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर लावून. "कऱ्हाड" हे गाव या दोन्ही प्रकारांनी टाइप केलेलं असतंच. एनएफसी इथे फक्त र अधिक नुक्ता यांना एकत्र करून ऱ बनवतं, जॉइनरला हातही लावत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी एनएफसी, मग "अ" अधिक चंद्र मात्रा याचा "ॲ" करा, "आ" अधिक चंद्र मात्रा याचा "ऑ" करा, मग र-हलंत-जॉइनर या त्रिकुटाचं ऱ-हलंत करा, आणि हे झाल्यावरच उरलेले झिरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढा. जॉइनर आधी काढले तर "कऱ्हाड" चं "कर्हाड" होतं आणि अर्धा र रफार होऊन बसतो, ते परत आणायला मग हातानेच बसावं लागतं. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आत आहे, त्यामुळे पहिला टप्पा डेटाबेसमध्येच होतो, बाकीचे साधे रिप्लेस आहेत.

रेग्युलर एक्सप्रेशन (मजकुरातला नमुना शोधायचा पॅटर्न) लिहिताना फार सांभाळा. "अक्षरं सोडून सगळं काढा" असा पॅटर्न इंग्रजीत चालतो. मराठीत मात्रा, अनुस्वार, हलंत हे युनिकोडच्या लेखी लेटर नाहीत, मार्क आहेत, त्यामुळे फक्त लेटर ठेवले की "पुणे" चं "पण" होतं आणि "मुंबई" चं "मबई". पायथनच्या नेहमीच्या "re" मॉड्यूलमधला वर्ड कॅरेक्टरचा शॉर्टकट मात्रा पकडत नाही, जावास्क्रिप्टचा तर देवनागरीच पकडत नाही. लेटर, मार्क आणि नंबर हे तीनही वर्ग नाव घेऊन ठेवा.

दुसरी पायरी विरामचिन्हं आणि स्पेस. टिंबाच्या जागी स्पेस टाका (टिंब नुसतं पुसू नका, नाहीतर "क.ख." चं "कख" होईल), स्वल्पविरामाच्या जागी स्पेस, सलग स्पेस एक करा, कडेच्या काढा. आकडे असतील तर देवनागरी "१९८५" आणि इंग्रजी आकड्यांतलं तेच साल एका रूपात आणा.

यानंतर नावाची ओळखखूण बनवायची. साफ केलेल्या नावाचे शब्द सुटे करा, क्रमाने लावा, परत जोडा. वर दिलेले पाचही प्रकार "क ख जोशी" या एकाच खुणेवर येतात, आडनाव आधी असो की नंतर. ओपनरिफाइन नावाचं मोफत टूल आहे, त्यातल्या क्लस्टर सोयीत फिंगरप्रिंट नावाने हीच पद्धत मिळते आणि नजरेखालून घालून एकेक गट मंजूर करता येतो. फक्त ते विरामचिन्हं थेट पुसतं, म्हणून टिंबाच्या जागी स्पेस आधीच टाकून मग डेटा आत घ्या.

पण ही खूण म्हणजे शेवटचा निर्णय नाही, फक्त सुचवणी आहे. एकाच आद्याक्षरांचे आणि आडनावाचे दोन खरे वेगळे लेखक असू शकतात, आणि "क. ख. जोशी" आणि "कमलाकर जोशी" एकच आहेत का हे कुठलाही अल्गोरिदम सांगू शकत नाही, ते ग्रंथपालच सांगू शकतात. त्यांना या कामात पहिल्या दिवसापासून घ्या. वाचनालयात वीस वर्षं बसलेल्या माणसाला जी माहिती असते ती डेटामध्ये कुठेच नसते.

म्हणून एक प्रमाण नावांचा टेबल हवा. प्रत्येक लेखकाला एक आयडी, दाखवायचं एक नाव, आणि दुसऱ्या टेबलात त्याची सगळी ज्ञात रूपं. नवी नोंद आली की साफ करा, खूण बनवा, रूपांच्या टेबलात बघा, सापडलं तर आयडी लावा, नाही सापडलं तर तपासणीच्या यादीत टाका आणि तोपर्यंत त्या नावाला तात्पुरता स्वतंत्र आयडी द्या म्हणजे पुस्तक फॅसेटमधून गळणार नाही. इंडेक्समध्ये फॅसेटच्या कीवर्ड फील्डला हा आयडीच पाठवा. उद्या दाखवायचं नाव बदललं तर टेबलात एक ओळ बदलायची, पन्नास हजार डॉक्युमेंट परत इंडेक्स करायला नकोत. आणि मूळ टाइप केलेलं नाव कधीही पुसू नका, ते शोधाच्या टेक्स्ट फील्डमध्ये तसंच जाऊ द्या, म्हणजे कोणी जुन्या रूपाने शोधलं तरी पुस्तक सापडतं.

प्रकाशनस्थळाला तर आयडीशिवाय पर्यायच नाही. १९७८ च्या पुस्तकावर औरंगाबाद छापलेलं आहे, नव्यावर छत्रपती संभाजीनगर, आणि २०२३ पासून तेच अधिकृत नाव. उस्मानाबाद-धाराशिव तसंच, अहमदनगर-अहिल्यानगर तसंच. पुस्तकाच्या पानावर जे छापलंय तेच दाखवा, ती ग्रंथसूचीची शिस्त आहे, पण फॅसेटमध्ये एकच ओळ ठेवा आणि फॅसेटच्या शोधपेटीत दोन्ही नावांनी ती सापडू द्या. आंधळेपणाने रिप्लेस मात्र करू नका, बिहारमध्येही औरंगाबाद आहे.

एकापेक्षा जास्त लेखक असतील तर फील्डला ॲरे द्या. इलास्टिकसर्चला वेगळा ॲरे टाइप लागत नाही, व्हॅल्यूंची यादी पाठवली की झालं. तोडायचं कुठे हा प्रश्न नाजूक आहे. "जोशी, क. ख." मधला स्वल्पविराम दोन लेखक दाखवत नाही. "व" आणि "आणि" वर तोडायचं तर दोन्ही बाजूला स्पेस असेल तेव्हाच, आणि ते फक्त लेखकाच्या फील्डला. प्रकाशकाला हा नियम लावू नका, "अमुक आणि मंडळी" अशा नावांचे दोन तुकडे होतील आणि "मंडळी" नावाचा प्रकाशक यादीत सगळ्यात वर येऊन बसेल.

अनुवादक आणि संपादक लेखकाच्याच फील्डमध्ये भूमिका लावून ठेवायचा मोह होतो. साध्या ऑब्जेक्टमध्ये ते सपाट होतं आणि कोणाची भूमिका कोणती हे हरवतं, नेस्टेड टाइप घेतला तर मोजणी पुस्तकांची न होता आतल्या नोंदींची होते आणि परत रिव्हर्स नेस्टेड लावून बाहेर यावं लागतं. मी म्हणेन सरळ तीन वेगळी फील्ड करा. मराठीत अनुवाद इतके वाचले जातात की अनुवादकाला स्वतःचा फॅसेट मिळालाच पाहिजे.

इलास्टिकसर्चच्या तयार फिल्टरांबद्दल

कीवर्ड फील्डला नॉर्मलायझर (व्हॅल्यू इंडेक्स होण्याआधी एका रूपात आणणारा भाग) लावता येतो, त्यात टोकनायझर नसतो पण अक्षरांवर चालणारे फिल्टर चालतात. इंडिक नॉर्मलायझेशन घ्या, ते "अ" अधिक चंद्र अशी रूपं एक करतं. डेसिमल डिजिट घ्या, ते देवनागरी आकडे इंग्रजीत आणतं. ट्रिम घ्या. हिंदी नॉर्मलायझेशन मात्र फॅसेटवर अजिबात नको, ते ऱ्हस्व-दीर्घ एक करतं, नुक्ते आणि हलंतही काढतं, मग "दिन" आणि "दीन" एक, "सुत" आणि "सूत" एक. शोधाच्या फील्डला ते कधी कधी उपयोगी पडतं कारण लोक वेलांटी चुकवतात, पण ते वेगळ्या सबफील्डमध्ये आणि कमी वजनाने.

मराठीसाठी तयार ॲनालायझर इलास्टिकसर्चमध्ये नाही, हिंदीचा आहे, पण त्याचे प्रत्यय हिंदीचे. आपल्याकडे "पुणे" चं सामान्यरूप होऊन "पुण्यात", "पुण्याचा", "पुण्यातील" होतं आणि हिंदी स्टेमरला (प्रत्यय काढून शब्दाचं मूळ रूप काढणारा भाग) यातलं काही कळत नाही. स्टँडर्ड टोकनायझर देवनागरी शब्द मात्रांसकट नीट तोडतो, तो वापरा आणि सोबत एज एनग्रॅमचं (शब्दाच्या सुरुवातीच्या तुकड्यांचं) एक सबफील्ड ठेवा. आणि इथेच फॅसेटची किंमत कळते, शोध चुकला तरी स्थळाच्या फॅसेटमध्ये "पुणे" एकदाच, बरोबर, सगळ्या पुस्तकांसह उभं असतं.

आकडे

आता क्वेरी. इथे बहुतेक ॲप चुकीचे आकडे दाखवतात, आणि चूक नेहमी एकच असते.

समजा एका शोधाला प्रकाशनस्थळाच्या फॅसेटमध्ये पुणे १२०, मुंबई ९०, कोल्हापूर १५ असं दिसतंय. वाचकाने पुण्यावर टिक केली. सगळे फिल्टर मुख्य क्वेरीत घातले असतील तर आता मुंबई शून्य, कोल्हापूर शून्य, किंवा त्या ओळीच गायब. वाचकाला वाटतं मुंबईची पुस्तकंच नाहीत, आणि पुणे अधिक मुंबई असं एकत्र बघायचा रस्ता बंद. बरोबर वागणूक अशी की पुण्यावर टिक केल्यावर स्थळाच्या फॅसेटचे आकडे तसेच राहतात (मुंबईवरही टिक केली तर २१० पुस्तकं मिळतात, प्रत्येकाला एकच स्थळ असेल तर) आणि बाकीचे फॅसेट, म्हणजे विषय, लेखक, प्रकाशक, हे पुण्याच्या १२० पुस्तकांपुरते कमी होतात.

नियम एका ओळीत: प्रत्येक फॅसेटचे आकडे काढताना त्याचा स्वतःचा फिल्टर सोडायचा, बाकी सगळ्यांचे लावायचे. एका फॅसेटच्या आत "किंवा", दोन फॅसेटच्या मधे "आणि".

इलास्टिकसर्चमध्ये हे असं होतं. वाचकाने टाइप केलेला शब्द मुख्य क्वेरीत. टिक केलेले सगळे फिल्टर पोस्ट फिल्टरमध्ये, तो ॲग्रीगेशन झाल्यावर फक्त निकालांना लागतो. मग प्रत्येक फॅसेटसाठी एक फिल्टर ॲग्रीगेशन, त्यात स्वतःचा सोडून बाकी सगळे फिल्टर, आणि त्याच्या पोटात टर्म्स ॲग्रीगेशन. कोडमध्ये हे एकाच फंक्शनने बनवा, ज्याला निवडलेल्या सगळ्या फॅसेटची यादी आणि "हा वगळ" असं एक नाव मिळतं, हाताने पाच वेळा लिहिलंत तर सहावा फॅसेट जोडताना कुठेतरी एक राहून जाईल. सोलर हे दुसरं सर्च इंजिन वापरत असाल तर तिथे फिल्टरला टॅग लावून फॅसेटमध्ये तो टॅग वगळता येतो, काम तेच.

वाचकाला दिसूच नयेत अशा नोंदी, म्हणजे बाद केलेली पुस्तकं किंवा फक्त कर्मचाऱ्यांसाठी असलेला साठा, त्यांचा फिल्टर पोस्ट फिल्टरमध्ये टाकू नका. तो मुख्य क्वेरीतच हवा, नाहीतर पुस्तक यादीत नाही पण आकड्यात आहे असं होईल आणि लपवलेली गोष्ट आकड्यातून बाहेर पडेल.

विषय हा फॅसेट थोडा वेगळा आहे कारण एका पुस्तकाला अनेक विषय असतात. "इतिहास" आणि "प्रवास" दोन्हीवर टिक करणाऱ्याला बहुतेक वेळा दोन्ही असलेलं पुस्तक हवं असतं. तिथे आतमध्येही "आणि" ठेवायचं ठरवलंत तर स्वतःचा फिल्टर सोडायचा नाही, लावायचा, आणि मग आकडे सांगतात की अजून एक टिक केल्यावर किती उरतील. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण एका फॅसेटला एकच ठरवा आणि वाचनालयातल्या लोकांना विचारून ठरवा.

टर्म्स ॲग्रीगेशन डिफॉल्टने वरच्या १० व्हॅल्यू देतं. अनेक शार्ड (इंडेक्सचे वेगळे ठेवलेले भाग) असतील तर प्रत्येक शार्ड आपापल्या वरच्या व्हॅल्यू पाठवतो आणि बेरजेत थोडी चूक राहू शकते, रिस्पॉन्समध्ये ती किती असू शकते याचा आकडाही येतो. आपल्या कॅटलॉगला ही काळजी नको, आवृत्ती ७ पासून डिफॉल्ट एकच शार्ड आहे आणि पन्नास हजार नोंदींना तो भरपूर पुरतो, एका शार्डवर आकडे अचूक येतात. शार्ड वाढवायचा सल्ला कोणी दिला तर का ते विचारा.

प्रकाशक नोंदवलेलाच नाही अशी पुस्तकं असतातच, त्यांच्यासाठी मिसिंग पॅरामीटर देऊन "नोंद नाही" अशी ओळ दाखवा. ग्रंथपालांना ती फार आवडते, कारण अपुऱ्या नोंदींची यादी एका क्लिकवर मिळते.

फक्त पोस्टग्रेसवर

लहान गावातल्या वाचनालयाकडे दहा-पंधरा हजार पुस्तकं असतात आणि वेगळा सर्च सर्व्हर सांभाळायला माणूस नसतो. तिथे इलास्टिकसर्च लावूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. पुस्तक-लेखक, पुस्तक-विषय असे जोडटेबल, प्रत्येकावर इंडेक्स, आणि प्रत्येक फॅसेटसाठी एक ग्रुप बाय क्वेरी, त्यातही नियम तोच, स्वतःचा फिल्टर सोडून बाकीचे. मोजताना वेगळ्या पुस्तकांचे आयडी मोजा, नाहीतर जॉइनमुळे तेच पुस्तक दोनदा मोजलं जातं. पाच फॅसेटच्या पाच लहान क्वेरी या आकाराला आरामात चालतात.

शोधासाठी टीएसव्हेक्टर (पोस्टग्रेसचा स्वतःचा टेक्स्ट सर्चचा टाइप) घ्यायचा तर सिंपल कॉन्फिगरेशन घ्या, मराठीचा स्टेमर पोस्टग्रेससोबत येत नाही. आणि घेण्याआधी टीएस डीबग फंक्शनमध्ये दोन-चार जोडाक्षरी शब्द टाकून बघा, डेटाबेसच्या लोकेलप्रमाणे (म्हणजे भाषेच्या सेटिंगप्रमाणे) मात्रांपाशी शब्द तुटू शकतो. तुटत असेल तर ट्रायग्रॅम एक्स्टेन्शनकडे (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांनी शोधणारी सोय) वळायच्या आधी लोकेलच दुरुस्त करा, तेही त्याच लोकेलवर अवलंबून आहे.

मीलीसर्च किंवा टाइपसेन्स हे सर्च इंजिन घेतलं तर सेटअप सोपा आहे, फील्ड फॅसेटसाठी आहे हे सेटिंगमध्ये आधी सांगावं लागतं, ते विसरलं की एरर येते. टाइपसेन्स डिफॉल्टने एका फॅसेटच्या १० व्हॅल्यू देतं, मीलीसर्च १००. आयडी आणि प्रमाण नावांचं काम मात्र तिथेही तुमचंच.

स्क्रीनवर

लेखक हजारांत असतात, सगळे दाखवता येत नाहीत. वरचे दहा दाखवा, खाली एक छोटी शोधपेटी द्या आणि ती प्रमाण नावांच्या टेबलवरच चालवा, सगळ्या रूपांसकट. निवडलेली ओळ पहिल्या दहात नसली किंवा तिचा आकडा शून्य झाला तरी ती यादीत दिसलीच पाहिजे, नाहीतर टिक काढायला जागा राहत नाही. न निवडलेल्या शून्याच्या ओळी लपवल्या तरी चालतात.

आकड्यानुसार लावलेली यादी बहुतेकांना पुरते. अकारविल्हे लावायची सोय दिलीत तर साधी सॉर्ट वापरू नका, युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर लगेच येतो आणि आपल्या वर्णमालेत ह नंतर. ब्राउझरमधला इंटल कोलेटर मराठी लोकेल देऊन वापरा, सर्व्हरवर आयसीयू कोलेशन (भाषेप्रमाणे क्रम लावायचे नियम).

निवड यूआरएलमध्ये ठेवा, म्हणजे वाचक लिंक व्हॉट्सॲपवर पाठवू शकतो आणि बॅक बटण नीट चालतं. पण तिथे देवनागरी नाव टाकू नका. एनकोड झाल्यावर एकेक कोडपॉइंट नऊ कॅरेक्टरचं होतं, "छत्रपती संभाजीनगर" अर्ध्या स्क्रीनभर लांब होतं आणि मेसेजमध्ये लिंक मधेच तुटते. आयडी टाका. सर्च इंजिनांना फिल्टर लावलेली पानं क्रॉल करायला देऊ नका, पाच फॅसेटच्या जोड्यांमधून लाखो यूआरएल तयार होतात, रोबोट्स फाइलमध्ये ते पॅरामीटर बंद करा.

प्रत्येक फॅसेट खऱ्या चेकबॉक्सचा, फील्डसेट आणि लेजंडसह करा. स्क्रीन रीडर वापरणारे वाचक वाचनालयाच्या साइटवर येतात, ऑडिओ बुक शोधायला तर हमखास येतात, आणि डिव्हवर क्लिक लावलेला नकली चेकबॉक्स त्यांच्या काही कामाचा नाही. मोबाइलवर फॅसेट एका बटणामागे ठेवा आणि आत "४२ पुस्तकं दाखवा" असं आकड्यासकट बटण द्या. पटापट टिक केल्या की जुनी रिक्वेस्ट ॲबॉर्ट कंट्रोलरने रद्द करा, कारण उशिरा आलेलं जुनं उत्तर नव्या आकड्यांवर चढून बसतं.

लाइव्ह करायच्या आधी एक चाचणी स्क्रिप्ट लिहाच. वीस-पंचवीस नेहमीचे शोधशब्द घ्या, प्रत्येकाच्या प्रत्येक फॅसेटमधली प्रत्येक व्हॅल्यू एकेक करून फिल्टर म्हणून लावा, आणि आधी दाखवलेला आकडा आणि प्रत्यक्ष आलेल्या निकालांची संख्या जुळते का ते तपासा. मग दोन फॅसेट एकत्र लावून तेच. फरक आला तर आधी बघा की वगळणाऱ्या फंक्शनला फॅसेटचं नाव बरोबर मिळतंय का, मग मुख्य क्वेरी आणि पोस्ट फिल्टर यांची विभागणी, मग कीवर्डची लांबीची मर्यादा.

मॅपिंगमध्ये पुढे कधी बदल करावा लागला तर चालू फील्डचा टाइप बदलता येत नाही हे लक्षात असू द्या. पहिल्या दिवसापासून ॲपला इंडेक्सचं खरं नाव न देता अलायस (इंडेक्सचं टोपणनाव) द्या, नवा इंडेक्स बाजूला भरा, वरची चाचणी त्याच्यावर चालवा, आणि पास झाली की अलायस त्याच्याकडे वळवा. जुना इंडेक्स आठवडाभर तसाच राहू द्या, काही निघालंच तर अलायस परत फिरवता येतो.